मालेगावच्या डावातली एकतिसावी चाल

अण्णा,

दुपारचे दोन वाजलेत. शटर अर्धं खाली ओढलंय आणि जेवायला घरी गेलेलो नाही. काउंटरमागच्या स्टुलावर बसून, औषधाच्या एजंटनं फुकट दिलेल्या पॅडवर हे लिहितोय. मोबाइलवर लिहिलं असतं तर लवकर झालं असतं, पण काचेवर लिहिलेलं तुम्ही वाचायला घेतलंच नसतं.

काल तुमचा तेरावा झाला. त्याआधी दहावा, त्याआधी अमरधाम, त्याआधी दवाखान्यातले ते दिवस. मी दमलोय. लोक विचारतात, फार वाईट वाटत असेल ना? वाटतं, पण वाईट वाटायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो, तो आत्ता नाही. सकाळी एका बाईंना खोकल्याच्या औषधाऐवजी ॲसिडिटीचं देऊन बसलो. बाटली पिशवीत टाकताना त्यांच्याच लक्षात आलं.

अमरधामात तुमच्या जावयानं मला विचारलं, "आपण कोण?" काय सांगणार? नातेवाईक नाही, शेजारी नाही, जातभाई नाही. मी म्हटलं, मी मेडिकलवाला. "अच्छा, म्हणजे बाबांच्या गोळ्या तुमच्याकडून यायच्या," तो म्हणाला. मी हो म्हटलं. आठ वर्षांचे रविवार आणि शेवटी ओळख काय, तर बीपीच्या गोळ्या.

तशी सुरुवातही गोळ्यांनीच झाली होती म्हणा. तुम्ही चिठ्ठी पुढे केलीत आणि मी म्हटलं, "एक मिनिट हं काका." काउंटरखाली माझा मोबाइल होता, त्यावर डाव चालू होता, आणि माझ्याकडे चाळीस सेकंद उरले होते. तुम्ही काउंटरवरून वाकून पाहिलंत. "घोडा चालला तुझा," म्हणालात. गेलाच. डाव हरल्यावर मी तुमच्या गोळ्या कापल्या, तेव्हा तुम्ही विचारलंत, "कोण व्हता समोर?" मी म्हटलं, माहीत नाही, ब्राझीलचा कोणीतरी. "म्हंजे हरवलं कोनी ते बी माहीत नाय?" तुम्ही इतके मनापासून हळहळलात की मलाच लाज वाटली. जाताना म्हणालात, "रविवारी ये मेडिकल, दुकान बंद असतं ना? पट हाय माझ्याकडं." त्या दिवसापासून मी मेडिकल. माझं नाव तुम्ही कधी उच्चारलं असेल असं मला आठवत नाही.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतली दुसऱ्या मजल्यावरची ती गॅलरी. दोन खुर्च्या, मध्ये स्टूल आणि तुम्ही स्वतः रंगवलेला प्लायवूडचा पट. पांढऱ्याचा एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी चिनी मातीचा जुना फ्यूज उभा असायचा. चांदवडच्या सबस्टेशनवर शिकलात तुम्ही हा खेळ. लाइन बंद करायच्या परवानगीची वाट बघत तासन् तास बसावं लागायचं, तेव्हा तिथल्या ऑपरेटरनं शिकवला. सगळी नोकरी वायरमनची. डाव्या तळहातावर तो भाजल्याचा डाग होता. पहिल्याच रविवारी मी उंट उचलून परत ठेवला आणि प्यादं चाललो, तेव्हा तुम्ही तो डाग माझ्यापुढे धरलात.

"आमच्या धंद्यात बी टच-मूव्हच असतो," म्हणालात. "तारेला हात लागला की लागला. परत घेता येत नाय. ज्याला हात लावला त्यो खेळायचा."

मी म्हटलं, "अण्णा, घरातल्या घरात काय नियम?"

"घरात पाळला तरच भाईर पाळशील. आन् दुसऱ्यानं मागून घ्यायचा नसतो त्यो. ज्याचा हात त्यानं सांगायचं."

मी उंट खेळलो आणि हरलो.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते मिटलेलं नाही. तुमच्या मागे ते मिटवल्याचं सोंगही मी आणणार नाही. तुमचं म्हणणं होतं की मोबाइलवर बुद्धिबळ होत नाही, नुसता खेळ होतो. समोर माणूस नाही, त्याचा श्वास नाही, त्याच्या कपाळावरचा घाम नाही. हरल्यावर हात मिळवायचा नाही, नुसतं पुढच्या डावाचं बटण दाबायचं. "हरल्यावर समोरच्याच्या डोळ्यात बघून हात मिळवायला लागतो ना, तिथंच माणूस सुधारतो," हे तुमचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचो, अण्णा, तुम्ही वर्षाला दोन स्पर्धा खेळता, म्हणजे धरून चला पंधरा डाव. मी तेवढे दोन दिवसांत खेळतो. ओपनिंगं माझी पाठ आहेत, रोज कोडी सोडवतो, हरलेला डाव मशीनला दाखवला की चूक कुठे झाली ते एका क्षणात कळतं. दहा-दहा वर्षांची पोरं याच मोबाइलवर शिकून तुम्हाला घासतात, त्याचं काय?

"त्याचं काय नाय," तुम्ही म्हणायचात. "घासू देत."

खरंच घासायचे. पिंपळगावच्या स्पर्धेत आठ वर्षांची एक मुलगी तुमच्यासमोर बसली होती. खुर्चीवरून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तुम्ही इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, खिशाला दोन पेनं लावून, तिला हात जोडून नमस्कार केलात. तिनंही घाबरून केला आणि बावीस चालींत तुमचा वजीर खाल्ला. तुम्ही उठून तिच्याशी हात मिळवलात आणि बाहेर तिच्या आईला सांगायला गेलात, "लय गुनी पोर हाय, तिला डोकं थंड ठेवायला शिकवा, बाकी सगळं हाय." मी बाजूला उभा राहून हसत होतो. तेव्हा मला हसायला यायचं.

माझंही एक लपवून उपयोग नाही. मोबाइलवर माझं रेटिंग चढत होतं आणि पटावर मात्र मी तिथेच होतो. तुम्हाला कारण पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझा हात डोक्याच्या आधी निघायचा. समोरच्यानं चाल केली की माझी बोटं सोंगटीवर. मोबाइलवर ते चालतं, तिथे सोंगटीला बोट लावून सोडून दिलं तर कोणी काही म्हणत नाही. "हात मांडीखाली दाबून बसत जा मेडिकल," तुम्ही किती वेळा सांगितलं. मला ते लहान पोरासारखं वाटायचं.

आता मालेगाव.

चार वर्षं झाली त्याला. एसटीनं निघालो होतो आणि चांदवड जवळ आलं तसे तुम्ही खिडकीला चिकटलात. "त्यो खांब माझा. त्यो बी माझा. त्यो नाय, त्यो वाकडा कोनी लावला काय माहीत." बसमधले लोक बघायला लागले होते. त्या स्पर्धेत तुमचं रेटिंग व्हायचं होतं. आंतरराष्ट्रीय रेटिंग, म्हणजे साऱ्या जगाच्या यादीत तुमचं नाव आणि त्यापुढे एक आकडा. आकडा केवढा, याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं. "यादीत नाव पायजे," म्हणायचात. "वायरमन म्हनून जन्मभर रजिस्टरला सह्या केल्या, एक यादी आपल्या हौसेची पायजे."

हे पत्र दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला हे रेटिंगचं माहीत नसेल म्हणून सांगतो. रेटिंग असलेल्या खेळाडूंशी ठरावीक डाव झाले आणि त्यांत निदान अर्धा गुण मिळाला की नवीन माणसाचं नाव यादीत लागायचं. सगळे हरले तर शून्याला कोणी रेटिंग देत नाही. मालेगावला तुमच्यासमोर रेटिंगवाले चार आले आणि चौघांनी तुम्हाला हरवलं. शेवटच्या फेरीत पाचवा आला. मंगल कार्यालयाच्या भिंतीवर जोड्यांचा कागद लावला होता, त्यात तुमच्या नावापुढे माझं नाव होतं; माझं रेटिंग आधीच झालं होतं.

अर्धा गुण हवा होता. नुसती बरोबरी.

चहाच्या रांगेत तुम्ही मला बाजूला घेतलंत. मला वाटलं, आता म्हणतील. आणि म्हणाला असतात तर मी दिली असती, देवाशपथ दिली असती. तुम्ही म्हणालात, "मेडिकल, नीट खेळ. दान नको मला. दिलंस तर मी उठून जाईन." मी म्हटलं, बरं.

मी नीट खेळलो. तीस चालींपर्यंत नीटच खेळलो. तुमच्या तिसाव्या चालीला तुम्ही वजीर पुढे आणलात, घड्याळ दाबलंत आणि मान खाली घालून तुमच्या त्या सावकाश वळणदार अक्षरात चाल लिहायला लागलात. माझ्या राजाच्या पुढ्यात एक हत्ती उभा होता, राजा त्याच्या आड लपला होता. एकतिसाव्या चालीला मी तो हत्ती चालायचं ठरवलं. ठरवलं कसलं, हातानंच ठरवलं. दोन बोटांत धरला, किंचित उचललासुद्धा, आणि तेव्हा दिसलं की हा इथून हलला, कुठेही हलला, तर तुमचा वजीर माझ्या राजाला शहावर शह देत बसेल. सुटका नाही. म्हणजे बरोबरी.

मी हत्ती सोडला आणि उंटानं तुमचा घोडा मारला.

शेजारच्या पटावर दोघांची घड्याळावरून कुरबूर चालली होती, पंच त्यांच्याकडे वळलेले. तुमची मान खालीच होती, पेन कागदावर. कोणी पाहिलं नाही, असं मला वाटलं. मग तुम्ही वर पाहिलंत आणि बराच वेळ चाल केली नाहीत. पाच मिनिटं, कदाचित सात. पटाकडे बघत होतात, एकदा माझ्याकडे, परत पटाकडे. मी म्हटलं, विचार करताहेत. दहा-बारा चालींनी तुम्ही राजा आडवा केलात, हात मिळवलात, माझ्या कागदावर निकाल लिहिलात, त्याखाली सही केलीत. तुमच्या कागदावरही आपण दोघांनी सह्या केल्या.

एवढ्या कष्टानं मला काय मिळालं हे जगाला कळू दे. चाळिशीवरच्या गटातलं तिसरं बक्षीस, वीतभर प्लास्टिकचा करंडक. तो माझ्यामागे फळीवर आहे, ओआरएसच्या पाकिटांआड. अर्धा गुण गेला असता तर माझं रेटिंगसुद्धा तसूभर हललं नसतं. दान दिलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं, हे मी स्वतःला किती तरी दिवस ऐकवत राहिलो. पण ते दान नव्हतं, अण्णा. ते तुमचं होतं आणि मी ते खिशात घातलं.

परतीच्या बसमध्ये चांदवडला तुम्ही खांब दाखवले नाहीत. विचारलंत, "काय रे, काय बोलायचंय का?" मी म्हटलं, "नाही अण्णा, झोप येतेय." आणि डोळे मिटून नाशिक येईपर्यंत जागा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी तो डाव मोबाइलमध्ये घातला. हत्ती हलवून पाहिला, जिथे जिथे हलतो तिथे तिथे. मशीननं प्रत्येक वेळी शून्य दाखवलं. शून्य म्हणजे दोघं सारखे, बरोबरी. चूक एका क्षणात कळते असं मीच तुम्हाला सांगायचो ना?

पुढे तुमच्या छातीचं सुरू झालं, मग स्पर्धा बंद, मग रेटिंगचे नियमच कडक झाले. यादीत नाव लागलं नाही. आणि तुम्ही दर एक-दोन महिन्यांनी रविवारी मालेगावचा तोच डाव मांडायचात. कागद बघून एकेक चाल, आणि एकतिसाव्याला माझी पाळी आली की थांबायचात. राजासमोरच्या घरात दर वेळी तो फ्यूज असायचा. मला योगायोग वाटायचा.

"हितं काय दिसतं तुला?" तुम्ही विचारायचात.

"उंटानं घोडा."

"आनखी?"

"आणखी काही नाही, अण्णा."

"बरं," म्हणून तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगायचात. मला वाटायचं, हरलेला डाव माणसाला सुटत नाही, स्वतःची चूक शोधताहेत. प्रत्येक वेळी जिभेवर यायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, इतके दिवस झाले, आता सांगितलं तर मैत्रीच जाईल. दिवस जितके जास्त जातील तितकं सांगणं अवघड होतं, हे मला औषधांच्या दुकानात बसून कळायला हवं होतं. दुखणं अंगावर काढणारी माणसं मी रोज बघतो.

जिना उतरणं बंद झालं तेव्हा मीच तुमच्या मोबाइलवर तो खेळ घालून दिला. म्हटलं, आता तरी हट्ट सोडा, गावोगावचे लोक घरबसल्या भेटतील. तुम्ही सोडलात, माझ्या समाधानासाठी. काय तो प्रकार! डाव सुरू झाला की आधी स्क्रीनला नमस्कार. मग प्रत्येक चाल वहीत लिहायची, मगच पुढची बघायची. दहा मिनिटांचा डाव, त्यातली सहा मिनिटं लिहिण्यात जायची. समोर कोण, पोलंडचा की पाटण्याचा, त्याचं नाव वहीत वर लिहिलेलं. वेळेवर हरून हरून तुमचा आकडा तळाला गेला आणि तुम्ही खुशीत. "आज एक भेटला, लय सबुरीचा गडी," असं मला फोन करून सांगायचात.

एकदा मी शेजारी बसलो होतो. तुम्हाला घोडा हलवायचा होता, पण थरथरत्या बोटानं वजिराला टेकवलंत. वजीर नुसता उजळला, हलला नव्हता. मी म्हटलं, "दुसरीकडे बोट लावा, सुटेल तो." तुम्ही वजीरच चाललात. फुकट गेला.

"अण्णा, इथे चालतं तसं. इथे टच-मूव्ह नाही. कोण बघतंय?"

"मी बघतोय की," तुम्ही म्हणालात आणि वहीत चाल लिहायला लागलात.

मी पाणी प्यायला आत गेलो. काकूंनी विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

आणि तो शेवटचा रविवार. त्याच्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण तेवढंच टाळलं तर बाकी सगळं कशाला लिहिलं? तुम्हाला नळीनं ऑक्सिजन लावला होता. मी तीन दिवस दुकान, घर, बायकोचं दुखणं असं सगळं ओढून आलो होतो. तुम्ही पट मागवलात, मालेगावचा कागद काढलात, आणि एकतिसाव्या चालीला थांबलात.

"हितं काय दिसतं?"

मला काय झालं कोण जाणे. माझा आवाज चढला. "अण्णा, किती दिवस घेऊन बसणार आहात तो डाव? झाला, संपला. तुमचं रेटिंग होणारच नव्हतं!"

काकू दारात आल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, रागानं नाही. मी अजूनही तो चेहरा वाचायचा प्रयत्न करतोय. पट पुसल्यासारखा तुम्ही सगळ्या सोंगट्या हातानं गोळा केल्यात आणि म्हणालात, "बरं. लाव नवीन डाव." तो डाव मी हरलो, तुम्ही हात मिळवलात. तुमचा हात मी धरला तो तेवढाच, शेवटचा. पुढच्या गुरुवारी दवाखाना.

माफी मागायची राहिली, हे झालं एक. आभार मानायचे राहिले हे दुसरं, आणि ते लिहिताना जास्त जड जातंय. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. त्यानंतर "नीट बस, घाई करू नको," असं मला सांगणारं कोणी नव्हतं. बायको सांगते, पण ती वैतागून सांगते. तुम्ही मला आठ वर्षं सांगत राहिलात आणि एकदाही वैतागला नाहीत. आताशा मी खरोखरच हात मांडीखाली दाबून बसतो. कालही बसलो होतो.

काल. पंगती उठल्या, तुमची मुलगी आणि जावई पाहुण्यांना पोचवायला खाली गेले. मी गॅलरीत माझ्या खुर्चीवर बसलो होतो. काकू आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी जे विचारलं ते अगदी सहज विचारलं.

"भाऊ, ते हत्तीचं सांगितलं व्हतं ना तुम्ही त्यानला?"

मी म्हटलं, "कोणत्या हत्तीचं?" हे म्हणतानासुद्धा मी खोटंच बोलत होतो.

"मालेगावचं. आल्या दिवशीच बोलले व्हते मला. म्हने, मेडिकलनं हत्तीला हात लावला आन् सोडला. मी म्हनलं, मंग तिथंच बोलायचं ना, तुमचं नाव लागलं असतं. म्हने, नाय. ज्याचा हात त्यानं सांगायचं. सांगंल त्यो. आज नाय तर उद्या सांगंल." काकूंनी पदरानं चष्मा पुसला. "दर येळी त्यो डाव मांडायचे, तुम्ही गेले की मी विचारायची, सांगितलं का? म्हनायचे, उद्या सांगंल. दवाखान्यात न्हेताना बी मी विचारलं. म्हनून म्हनलं, फोनवर बिनवर सांगितलं असंल तर."

पेन कागदावर होतं, अण्णा, पण डोळे नव्हते. तुम्ही पाहिलं होतं. ती सात मिनिटं तुम्ही चाल शोधत नव्हतात. तुम्ही सगळं माहीत असून माझ्या कागदावर सही केलीत, माझा हात हातात घेतलात, आणि मग चार वर्षं दर वेळी तोच डाव मांडून मला वाट मोकळी करून देत राहिलात. मी समजत होतो तुम्ही तुमची चूक शोधताय.

हो म्हणून टाकावं, असं क्षणभर वाटलं. हो काकू, सांगितलं होतं. म्हातारीला बरं वाटलं असतं.

"नाही काकू," मी म्हटलं. "नाही सांगितलं."

त्या आत गेल्या आणि पट, सोंगट्यांचा डबा, तुमची कागदांची फाइल असं सगळं छातीशी धरून घेऊन आल्या. तुमच्या खुर्चीत बसल्या. आठ वर्षांत त्यांना त्या खुर्चीत बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मंग आता सांगा," म्हणाल्या. "मला काय कळत नाय यातलं. पन समोर कोनी बसलेलं असावं लागतं, आसं म्हनायचे."

मी डाव मांडला. कागद बघायची गरज पडली नाही. एकतिसाव्याला आलो. राजासमोर फ्यूज ठेवला. "काकू, मी याला हात लावला होता," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, खाली रस्त्यावर ऐकू गेलं असेल. मग तो हलवला.

"आता तो काळा वजीर इथे ठेवा. शह."

त्यांनी ठेवला. मी राजा सरकवला.

"आता इथे. परत शह."

ठेवला. मी राजा परत आणला.

"आता पुन्हा पहिल्या जागी."

"पुन्ना तिथंच?" काकूंनी वजीर नेला, परत आणला, परत नेला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किती येळ चालायचं हे?"

"कायम. म्हणून डाव इथेच थांबतो. बरोबरी."

"कोन हरलं मंग?"

"कोणीच नाही."

मी फाइलमधून तुमचा मालेगावचा कागद काढला, खालचा निकाल खोडला आणि शेजारी अर्धा-अर्धा लिहिलं. त्याखाली पुन्हा सही केली. तुमची सही तिथे होतीच.

"एवढंच व्हतं?" काकूंनी विचारलं.

"एवढंच."

"उद्या सांगंल, उद्या सांगंल," त्या म्हणाल्या. "लय उद्या झाले रे, मेडिकल."

मग वजीर हातात तसाच धरून त्या चहा टाकायला आत गेल्या.